आमच्या बावेची लक्षवेधी

१७ डिसेंबर, नागपूर

आमच्या पक्षाचे मोठे साहेब म्हणाले, "केनेथ, रोज चार ओळी लिहीत जा. पुढे आत्मचरित्राला उपयोगी पडतात." साहेबांनी स्वतः कधी लिहिलं नाही, त्यांचं आत्मचरित्र दुसऱ्याने लिहिलं. तरी सल्ला चांगला आहे. म्हणून आजपासून सुरुवात.

मी आमदार केनेथ रिबेलो, वय एकोणतीस. ठाण्याच्या कडेपासून दिवा गावावरून शीळफाट्यापर्यंत माझा मतदारसंघ. सभागृहात मला शेवटच्या बाकावर, खांबाच्या आडोशाला जागा मिळाली आहे. टीव्हीवर फक्त डावा कान दिसतो असं भावेश म्हणतो. भावेश माझा पीए. तो खोटं बोलत नाही, निदान माझ्याशी.

आज प्रश्नोत्तरं कशी चालतात ते नीट पाहिलं. सदस्य विचारतात, "हे खरे आहे काय?" आणि मंत्री तीनच उत्तरं देतात: खरे आहे, खरे नाही, अंशतः खरे आहे. तिसरं उत्तर मला फार आवडलं. संध्याकाळी गर्ट्रूड मावशीचा फोन आला, "जेवलास काय रे?" म्हटलं, "अंशतः खरे आहे." तिने फोन ठेवून दिला.

मावशी म्हणजे आईची मोठी बहीण. आई गेल्यापासून मी तिच्याच घरात वाढलो, तिच्या लिओनाशी भांडत आणि तिच्याच ताटातलं पळवत. थोड्या वेळाने मावशीने पुन्हा फोन केला. लिओनाचं लग्न ठरलं! मे महिन्यात, ईस्टरनंतर. आमच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी सगळं गोत वाजतगाजत बावेवर जातं. बाव म्हणजे आमच्या वस्तीची, क्रूसपाखाडीची, जुनी विहीर. काठावर मेणबत्ती लावायची, प्रार्थना म्हणायची, बावेला घोटभर दारू पाजायची आणि कळशीभर पाणी घरी आणून त्याने नवरीला न्हाऊ घालायचं. आमच्या घरात ती कळशी नवरीच्या भावाने ओढायची असते. लिओनाला सख्खा भाऊ नाही. मी आहे.

"तू आमदार तिकडं नागपुरात," मावशी म्हणाली. "इथं तुला दोरी ओढायची हाय. हात नरम करून येऊ नको."

२९ जानेवारी

शीळफाट्याजवळ एक तरुण मोबाइलवर बोलत चालला होता, तो सरळ पडीक विहिरीत गेला. पाय मोडला, मोबाइल शाबूत. पठ्ठ्याने विहिरीच्या तळातूनच व्हिडिओ टाकला आणि तो सगळ्या जिल्ह्याने पाहिला. मी केळी घेऊन हॉस्पिटलात पोचलो, तर दामाजी आधीच त्याच्या उशाशी खुर्ची टाकून बसलेले. दामाजी माझ्या आधीचे आमदार, खाडीकाठच्या कोळीवाड्यातले, सत्तरीचे. यंदा पक्षाने त्यांचं तिकीट कापून मला दिलं. तेव्हापासून कुठेही जा, ते माझ्या आधी पोचलेले असतात आणि "ये पोरा, बस" म्हणून मलाच जागा करून देतात. हा त्यांचा डाव मी ओळखून आहे.

बाहेर आल्यावर भावेश म्हणाला, "भाऊ, हा विषय उचला. विहिरी. एकदम सेफ आहे. विहिरीच्या बाजूने कोण बोलणार?"

१२ मार्च, मुंबई

आजचा दिवस सोन्याचा. माझी पहिली लक्षवेधी लागली, म्हणजे सभागृहाचं आणि मंत्र्यांचं लक्ष मी माझ्या विषयाकडे वेधलं. विषय: ठाणे जिल्ह्यातील वापरात नसलेल्या उघड्या विहिरी. "अध्यक्ष महोदय, या विहिरी नाहीत, हे माणसं गिळायला बसलेले जबडे आहेत!" हे वाक्य मी काल आरशासमोर तयार केलं होतं. दोन्हीकडची बाकं वाजली. विरोधकांचीसुद्धा!

मंत्री म्हणाले, वापरात नसलेली प्रत्येक विहीर पावसाळ्यापूर्वी बुजवू. तिथे बसलो असतो तरी चाललं असतं, पण मला स्फूर्ती आली. मी उठून विचारलं, "प्रत्येक म्हणजे प्रत्येक? की पुढाऱ्यांच्या दारातल्या सोडून?" मंत्री हसले. "प्रत्येक. सन्माननीय सदस्यांच्या दारातली असली तरी." सभागृह खो खो हसलं. भावेशने ती क्लिप तासाभरात सगळ्या ग्रुपवर टाकली. या वेळी टीव्हीवर माझा पूर्ण चेहरा दिसला.

मावशीने फोन केला. "कुठल्या विहिरी रे?"

"धोकादायक असतात त्या."

"मग बरं. केस काप जरा."

१३ मार्च

सकाळी सकाळी दामाजींचा फोन. "छान बोललास. आता एक काम कर पोरा. आजच्या आज तुमच्या बावेवर एक छोटा पंप बसव आणि पाणी चर्चच्या झाडांना सोड. आमच्या विहिरीवर माझी माणसं तेच करतायत."

मी आभार मानले आणि पंप बसवला नाही. बसवला असता तर संध्याकाळपर्यंत यांनीच आवई उठवली असती की रिबेलो घाबरला. राजकारणात येऊन मला चार महिने झालेत, पण एवढं कळतं.

६ एप्रिल, रविवार

चर्चमधली मिस्सा संपवून सगळे पाखाडीत आलो, तर बावेच्या कठड्यावर लाल रंगाची फुली. नगरपालिका-महापालिकांचा विहिरींचा सर्व्हे चालू आहे, त्यांनीच मारलेली. बुजवायच्या विहिरींवर अशी फुली असते. पाखाडीतले सगळे आधी फुलीकडे बघत होते, मग माझ्याकडे.

"केनी, हे काय?" मावशीने विचारलं.

मला हसू आलं. म्हटलं, एका फोनचं काम आहे. तिनेही मान हलवली. माझ्यावर तिचा फार विश्वास. लिओना मात्र म्हणाली, "तुझी क्लिप मी पाहिली होती. तेव्हाच वाटलेलं मला." ती एका शाळेत शिकवते, म्हणून तिला सगळ्यात चुका दिसतात.

८ एप्रिल

एका फोनचं काम नव्हतं. अभियंत्यांच्या ऑफिसात जावं लागलं. गृहस्थ अतिशय नम्र. चहा दिला, बिस्किटं दिली.

"सर, ही विहीर वापरात आहे का?"

"लग्नात आहे."

"यंदा किती लग्नं?"

"एक."

"म्हणजे वापरात नाही." त्यांना खरोखर वाईट वाटलं असावं. "वगळायची असेल तर आपण लेखी द्या सर. आपल्याच लक्षवेधीवरची कार्यवाही आहे, आम्ही कसं नाही म्हणणार?"

मी पेन काढलं, तेवढ्यात भावेशने टेबलाखालून माझा पाय दाबला. बाहेर आल्यावर म्हणाला, "भाऊ, सीन होईल. सगळ्यांच्या विहिरी बुजवल्या आणि स्वतःची ठेवली, असं छापून येईल. 'प्रत्येक म्हणजे प्रत्येक' आपणच बोललोय. क्लिप माझ्याच हाताने फिरवलीय मी."

त्याचं म्हणणं बरोबर आहे. मात्र यातूनच मला मार्ग सुचला. विहीर वापरात नाही हीच अडचण असेल, तर ती वापरात आणायची!

१६ एप्रिल

गेल्या आठवड्यात पाखाडीत बैठक घेतली. म्हटलं, रोज प्रत्येक घराने बावेचं पाणी काढा. सगळ्यांनी माना डोलावल्या. पहिल्या दिवशी झुंबड उडाली, भावेशने फोटो काढले. दुसऱ्या दिवशी कुणी फिरकलं नाही. घरात नळ असताना उन्हातान्हात कोण दोरी ओढणार? एकटी मावशी रोज जाते आणि दोन बादल्या काढून तुळशीला... म्हणजे आमच्या अंगणातल्या क्रुसाशेजारच्या तुळशीला घालते. तिचे गुडघे दुखतात. मी म्हटलं, तू कशाला? तर म्हणाली, "वापर दाखवायचा हाय ना तुला?"

२२ एप्रिल

काल दिव्याच्या बायका रिकामे हंडे घेऊन माझ्या ऑफिसवर आल्या. तिथे दहा-दहा दिवस पाणी येत नाही. एक म्हातारी बाई माझ्या टेबलावर हंडा आपटून म्हणाली, "साहेब, मत घेताना आलेलात, आता तोंड पण नाही." मी मान खाली घातली. आणि त्याच क्षणी दोन प्रश्नांना एक उत्तर सापडलं.

आज बावेवर मोठा पंप बसला. टँकर भरून थेट दिव्याला. टँकरवर माझा फोटो आणि "पाणी क्रूसपाखाडीचे, समाधान दिव्याचे". बावेचा वापर कुणी नाकारू शकणार नाही. टँकर गल्लीत शिरला तेव्हा त्या बायकांनी मला ओवाळलं. हंडा आपटणारी म्हातारी तर रडली. मलाही रडू आलं, खोटं कशाला लिहू. राजकारणात यावं ते अशा दिवसासाठी.

३० एप्रिल

भावेशचा फोन आला म्हणून पाखाडीत गेलो. बावेचा तळ दिसत होता. चिखल, एक तुटकी बादली आणि मध्ये ते म्हातारं कासव, आम्ही लहानपणी ज्याला पाव टाकायचो ते. टँकरच्या खेपा मी सकाळच्या दोन म्हटल्या होत्या. मागणी इतकी, की दिवसभर चालू होत्या. एका टँकरने मागे येताना कठडाही पाडला होता.

लिओना चिखलात उतरली आणि कासव घमेल्यात घालून वर आली. घमेलं घेऊन माझ्या बाजूने सरळ घरी गेली. मावशी काठावर उभी होती.

"मावशी, दिव्याच्या बायकांना पाणी मिळालं."

"मिळू दे की. त्यांना पाणी नको असं मी बोलले काय? पण तू कुणाला विचारलंस काय रे?"

यावर उत्तर देता येण्यासारखं होतं. लोकप्रतिनिधीला पदोपदी विचारत बसता येत नाही, वगैरे. पण मावशीला राजकारण कळत नाही, म्हणून बोललो नाही. पंप ताबडतोब बंद करायला लावला. पाणी चढेल हळूहळू. दहा दिवस आहेत.

२ मे

नम्र अभियंते स्वतः पाहणीला आले. शेरा: विहीर कोरडी, कठडा पडलेला, भरवस्तीत, अत्यंत धोकादायक. प्राधान्याने बुजवावी. जाताना म्हणाले, "आधी नुसती वापरात नव्हती सर. काहीतरी करता आलं असतं."

३ मे

मोठ्या साहेबांनी बोलावून घेतलं. पाठीवर थाप मारली. जिल्ह्यातल्या विहीर सुरक्षा मोहिमेचा शुभारंभ ते स्वतः करणार आहेत, आणि तो क्रूसपाखाडीच्या बावेपासून! "आमदाराने स्वतःच्या दारापासून सुरुवात केली. असं उदाहरण महाराष्ट्रात नाही, केनेथ. दामाजीचं तोंड कायमचं बंद." तारीख दहा मे. त्यानंतर साहेब परदेशी जाताहेत.

मी म्हटलं, "साहेब, दहाला संध्याकाळी आमच्या घरी कार्य आहे. त्याच बावेवर."

"मग उत्तमच. माणसं आयती जमतील."

मी त्यांचे आभार मानले.

५ मे

भाषण लिहायला बसलो, जमलं नाही. साहेबांना फोन लावला आणि वाजायच्या आत कापला. काय सांगणार होतो? लग्नाचं पाणी आहे म्हणून? ते हसले असते. मी नको म्हणू शकलो असतो, हे खरे आहे काय? अंशतः खरे आहे.

मग शांतपणे विचार केला. बावेत पाणी नाहीच. नसलेलं पाणी आज बुजलं काय आणि पावसाआधी बुजलं काय, लिओनाला फरक काय पडतो? पाणी महत्त्वाचं. ते मी पुरवीन. भावेशला स्टीलचा नवा टँकर सांगायला लावला, पिण्याच्या शुद्ध पाण्याचा. झेंडूच्या माळा, पांढरी रिबन. त्याच्या नळाखाली कळशी धरता येते. ओढायचीसुद्धा गरज नाही. मावशीला निरोप पाठवला. तिने "बरं" म्हणून कळवलं. एका शब्दात प्रश्न सुटला.

१० मे

सकाळचा कार्यक्रम देखणा झाला. साहेबांनी नारळ फोडला, जेसीबीने पहिली माती टाकली. माझ्या भाषणाला टाळ्या पडल्या, बहुतेक शीळफाट्याहून आणलेल्या कार्यकर्त्यांच्या. पाखाडीतली दारं बंद होती. लग्नघरात कामं असतात. दुपारपर्यंत बाव सपाट झाली. क्रूस कोरलेला काठचा दगड मी आठवणीने बाजूला काढून ठेवायला सांगितला होता, पण ड्रायव्हर नवा होता.

संध्याकाळी मी पांढरा कुडता घालून टँकरपाशी उभा राहिलो. बँडचा आवाज आला. पुढे मावशी डोक्यावर रिकामी कळशी घेऊन, लुगडं नेसलेली, मागे लिओना, मागे अख्खी पाखाडी. मी टँकरचा नळ सोडून बघितला, पाणी छान येत होतं. मी मावशीकडे हात केला. तिने माझ्याकडे पाहिलं, नाही असं नाही. पाहिलं आणि वळणावरून बँड खाडीच्या रस्त्याने उतरला.

मला वाटलं, वाट चुकले. भावेशला म्हटलं, सांग त्यांना. तो जागचा हलला नाही. "भाऊ, ते दामाजींच्या विहिरीवर चाललेत," तो म्हणाला. तो त्याच कोळीवाड्यातला, त्याला आधीपासून माहीत असणार. दामाजींची बायको सरस्वतीकाकू आणि मावशी उभा जन्म एका बाजारात शेजारी बसल्या, एक मासळी घेऊन, एक भाजी घेऊन. त्या ओळखीवर हे ठरलं असावं. दामाजींची विहीर वापरात आहे. तिच्यावर पंप आहे, पाणी देवळाच्या बागेला जातं. अभियंत्यांनी तिला फुली मारली नाही.

पहिली कळशी दामाजींनी ओढली म्हणे. सत्तरीच्या माणसाने, धोतर खोचून. भावाच्या जागी. भावेशने व्हिडिओ दाखवला. मावशीने विहिरीला दारू पाजली तेव्हा कोळीवाड्यातल्या बायका हसत होत्या, लिओनासुद्धा. ही सगळी पुढच्या निवडणुकीची तयारी आहे हे न कळायला मी दूधखुळा नाही. आमच्या पाखाडीतली मतं फुटू शकतात. यावर गंभीरपणे विचार करावा लागेल.

नळ बंद करायचा राहिला होता. बरंच पाणी रस्त्यावर वाहून गेलं.

११ मे

लिओना फार सुंदर दिसत होती.

चर्चमध्ये मी नेहमीप्रमाणे घरच्यांच्या बाकाकडे निघालो, तर स्वयंसेवकाने अदबीने पहिल्या रांगेत नेलं. तिथे खुर्चीवर "मा. आमदार" अशी पाटी होती. लाल मखमलीची खुर्ची. मंडपातही तसंच. मला वेगळं टेबल, वेगळं वाढप, पाण्याची सीलबंद बाटली. घरातले बाकीचे आत स्वयंपाकाकडे गोंधळ घालत जेवत होते, त्यांचा आवाज येत होता. कुणाचं तरी ताट कुणीतरी पळवलं असावं, अशी हसण्याची लाट आली.

मग मावशीने मला स्टेजवर बोलावलं आणि शाल-श्रीफळ देऊन माझा सत्कार केला. माइकवरून बोलली. मावशी जन्मात कधी माइकवर बोललेली नाही. "आमदारसाहेबांनी वेळात वेळ काढून आमच्या पोरीला आशीर्वाद दिला, आम्ही आभारी हाव." टाळ्या. तिने शाल माझ्या खांद्यावर घातली, नीट सारखी केली, आणि हात जोडले. माझ्यापुढे. मला पटकन तिचे हात धरावेसे वाटले, पण खाली फोटोग्राफर होता. एकंदरीत सत्कार नेटका झाला. माझ्या पदाचा मान घरच्यांना कळायला वेळ लागला, पण कळला.

फोटोग्राफरने हाक दिली, "आता घरचे सगळे या." मी पाऊल टाकलं. लिओना म्हणाली, "आमदारांबरोबरचा झाला ना आत्ता?" रागाने म्हणाली नाही. दामाजी आणि सरस्वतीकाकूंना हाताला धरून वर घेतलं गेलं. दामाजी मला पाहून थबकले आणि "ये पोरा" म्हणून सरकून जागा करू लागले. मी लांबूनच हात केला, गडबडीत असल्यासारखा.

निघताना मावशी फाटकापर्यंत सोडायला आली. "तुम्हाला पुढं बऱ्याच ठिकाणी जायचं असेल," ती म्हणाली.

मी हो म्हटलं. खरं तर आजचा अख्खा दिवस मी मोकळा ठेवला होता.

गाडीत बसल्यावर भावेशला म्हटलं, कुणाकडे हळद आहे का बघ. त्याने काही न विचारता फोन फिरवले. दिव्यात एक निघाली. नवऱ्या मुलाचं नाव मला गाडीतून उतरताना समजलं. पण मी आत शिरलो तसे सगळे उठले, कुणी गालाला हळद लावली, कुणी हाताला धरून नाचायला ओढलं, एका बाईने तर "जेवलास का बाळा?" म्हणून माझ्या हातात ताट दिलं. मी तिथे खूप वेळ थांबलो.